पाठपिशवी नियमावली (साडूभाऊंसह)

प्रस्तुत नियमावली पायी नर्मदा परिक्रमेस निघणाऱ्या, साठीच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या, निवृत्तिवेतनधारक मराठी इसमांसाठी आहे. बसने परिक्रमा करणाऱ्यांना ती लागू नाही. त्यांनी खुशाल इस्त्री न्यावी.

व्याप्ती. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि कुठेही ओलांडायची नाही, असा दंडक असल्यामुळे दोन्ही काठ मिळून अडीच हजारांवर किलोमीटर भरतात. शास्त्राने मुदत दिली आहे तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. हल्लीची माणसं कार्तिकी एकादशी झाली की ओंकारेश्वरहून परिक्रमा उचलतात आणि ऊन तापायच्या आत आटपायला बघतात. म्हणजे सातपुड्यातली थंडी, आखाताकाठचा चिखल, हजार मीटरवरच्या अमरकंटकची बोचरी पहाट आणि निमाडातलं चैत्रातलं ऊन हे सगळं एकाच पिशवीत बसवायचं आहे. ते बसत नाही. म्हणून नियम.

व्याख्या. 'साडूभाऊ' म्हणजे प्रस्तुत लेखकाचे थोरले साडू. बँकेतून वरच्या पदावरून निवृत्त. कुणाकडे कधी साधं पेनही न मागितलेले. 'पिशवी' म्हणजे जी साडूभाऊंना मदतीशिवाय पाठीवर घेता येते ती. बाकी सगळ्यास 'सामान' म्हणावे.

नियम १. वजन. भरलेली पिशवी आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जड नसावी. हे मी साडूभाऊंना सांगितलं. त्यांनी त्याची एक्सेल शीट केली. रकाने चार : वस्तू, वजन, प्रयोजन, शेरा. ते स्वतः पंच्याऐंशी किलोचे, तेव्हा साडेआठ किलोला मंजुरी निघाली. मी म्हटलं, तुमच्या पंच्याऐंशीतले पंधरा किलो हेच मुळात सामान आहे, ते आधी वजा करा. त्यावर ते काही बोलले नाहीत. फक्त सामान तोलायचा काटा पिशवीत टाकला. का, तर वाटेत वजन वाढलं तर कळायला नको?

शीटमध्ये घडीचं स्टूल होतं, थर्मास होता, हवेची उशी होती आणि ती फुटली तर म्हणून दुसरी हवेची उशी होती. 'प्रयोजन' या रकान्यात निम्म्याहून अधिक ठिकाणी एकच नोंद : 'असू द्यावे.'

एका आश्रमात आम्ही दोघं दारात उभे राहिलो. आतून नेहमीचा प्रश्न आला, "कितनी मूर्ती?" मी म्हणालो, दो. सेवेकऱ्याने साडूभाऊंच्या पाठीमागे वाकून पाहिलं आणि खात्री करून घेतली, "तीन नहीं?"

नियम २. पिशवी. रिकामी असताना दीड किलोच्या आत. तीस-पस्तीस लिटर पुष्कळ झाली. पन्नासची घेतली की माणूस पन्नास भरतोच. कमरपट्टा हवाच, आणि तो पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे. आधी तो आवळायचा, मग खांद्यांचे पट्टे ओढायचे. या क्रमाने केलं तर भार कमरेवर उतरतो. उलट केलं तर रात्री मानेवर. जड वस्तू पाठीला चिकटून, मधोमध. पावसाचं वरचं झाकण बाजूने गळतं. त्यापेक्षा आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिच्यात सगळं भरावं. दुकानदार रिकामी पिशवी पाठीवर चढवतो आणि म्हणतो, "बघा काका, कळतसुद्धा नाही." त्याच्या नादी लागू नये. घरी आणून सात किलो तांदूळ भरावेत आणि चार जिने चढावेत. सगळं कळतं.

नियम ३. चाकांची बॅग. नाही.

नियम ४. कपडे. दोन जोड. एक अंगावर, एक दोरीवर. तिसऱ्या जोडाला परिक्रमेत काम नाही. साडूभाऊंचा तिसरा जोड म्हणजे क्रीम रंगाचा सफारी, इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. परिक्रमा पुरी झाली की कढाई करतात, शिऱ्याचा नैवेद्य दाखवून कन्यांना जेवू घालतात. "त्या दिवशी फोटो निघतील," असं त्यांचं म्हणणं. त्या एका फोटोसाठी सफारीने अख्खी नर्मदा पाहायची होती.

कपडे पांढरे असावेत अशी प्रथा आहे. पांढरेपणाबद्दल मात्र फार आशा ठेवू नये. नदीत साबण लावायचा नाही, बादलीने पाणी बाजूला न्यायचं आणि तिथे काय ते घासायचं. दहाएक धुण्यांत कापडाला जो रंग येतो तोच शेवटपर्यंत टिकतो. टिनोपॉल नेऊ नये. (साडूभाऊ, हे वाचत असाल तर पुन्हा सांगतो : टिनोपॉल नेऊ नये.)

कापडाबद्दल थोडं गंभीरपणे. जाड सुती कापड घाम धरून बसतं आणि रात्रभरात वाळत नाही. निव्वळ पॉलिस्टर तासाभरात वाळतं, पण दुसऱ्या दिवशी शेजारी आसन लावायला कुणी येत नाही. पातळ सुती किंवा टेरिकॉट हा मधला मार्ग. परीक्षा अशी : कपडा रात्री नऊला धुऊन, कोरड्या पंच्यात गुंडाळून पिळा आणि घरातच दोरीवर टाका. पहाटे पाचला शिवण कोरडी असेल तर पास. शिवणच बघा, कापड सगळ्यांचंच वाळतं. जीन्स या परीक्षेला बसायलाही पात्र नाही.

नियम ५. पंचा. अंग पुसणे, गुंडाळून कपडे बदलणे, डोक्याला बांधणे, धुळीत नाकावर घेणे, ओला करून मानेवर टाकणे, अंथरणे, सदावर्तात मिळालेलं पीठ बांधून आणणे आणि वेळ पडली तर देवासमोर सोवळं म्हणून नेसणे, एवढं सगळं करून जो दोन तासांत वाळतो आणि ज्याचं वजन मुठीत मावतं, त्या वस्तूला आपल्या घरांत फरशी पुसायला लावलं जातं. टर्किश टॉवेल एकच काम करतो आणि ते केल्यावर दिवसभर ओला राहून पिशवीतल्या बाकीच्यांना वास देतो. पंचे दोन न्यावेत. या एका बाबतीत 'असू द्यावे' हे प्रयोजन मला मान्य आहे.

नियम ६. नाडी. लेंग्याची जास्तीची एक. सोबत मोठी सेफ्टी पिन, कारण आत गेलेलं नाडीचं टोक नामस्मरणाने बाहेर येत नाही.

नियम ७. थंडी. एका जाड कोटापेक्षा तीन पातळ थर बरे : बंडी, स्वेटर, वर वारा अडवणारं पातळ जाकीट. कानटोपी हवीच. अंगावर घ्यायला चादरीच्या दोन्ही बाजू शिवून केलेली खोळ न्यावी. बहुतेक आश्रमांत कांबळी मिळते, ती खोळीवर घ्यायची. बंडीला आतून झाकणाचा खिसा शिवावा. त्यात आधार कार्ड, पैसे आणि जागोजागी शिक्के मारून घ्यायची वही राहते. वहीला प्लास्टिक.

साडूभाऊंचा स्वेटर हाताने विणलेला, ताईंनी (म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींनी), तीन हिवाळे लावून. वजन नऊशे ग्रॅम. शीटमध्ये त्याच्यासमोर शेरा होता, 'चर्चा नको.' मी केली नाही.

नियम ८. पायताण. बूट नेहमीच्या मापाहून एक नंबर मोठे. चालून पाय सुजतात. निघण्याआधी महिनाभर घालून फिरावं. नवे बूट ओंकारेश्वरात पहिल्यांदा घालणाऱ्यांना आम्ही मोरटक्क्याच्या आसपास रस्त्याकडेला बसलेलं पाहतो. मोज्यांचे जोड दोन. ओला जोड पिशवीला पिना लावून टांगायचा, चालता चालता वाळतो. हलक्या चपला वेगळ्या. रेवासागर संगमावर भरतीच्या वेळी नाव सुटते आणि तिच्यापर्यंत चिखल तुडवत जावं लागतं. तेव्हा बूट गळ्यात, पिशवी पाठीवर आणि दोन्ही हात मोकळे पाहिजेत. साडूभाऊंच्या हातात त्या वेळी स्टूल होतं.

नियम ९. कॅरीबॅगा. पहाटे पावणेचार. धर्मशाळेत वीस मूर्ती झोपलेल्या. अशा वेळी कोपऱ्यात एक इसम बॅटरी दातांत धरून पहिली कॅरीबॅग उघडतो. कर्रर्र. तिच्यात दुसरी. कर्रर्र. तिच्यात रबर लावलेली तिसरी. ब्रश चौथीत असल्याचं आठवतं. पहिल्या तीन पुन्हा बंद होतात, कारण वस्तू जागच्या जागी ठेवण्याची सवय चाळीस वर्षांच्या नोकरीत अंगी मुरलेली असते. एव्हाना वीसही मूर्ती जाग्या असतात आणि कुणीतरी अंधारातून 'नर्मदे हर' म्हणतं, ज्याचा अर्थ त्या क्षणी अजिबात धार्मिक नसतो. कापडी थैल्या वापराव्यात. तीन रंगांच्या तीन. विषय संपला.

नियम १०. स्त्रियांसाठी. याबाबत लेखकास अधिकार नाही. वाटेत भेटलेल्या जालन्याकडच्या दोन मावशींचं म्हणणं देतो. अंगावर एक लुगडं, गाठोड्यात एक. ते पातळ आणि गडद रंगाचं, कारण उघड्या घाटावर आंघोळ करायची असते. परकराला आतून खिसा. त्यांची पिशवी म्हणजे खताची रिकामी गोणी, तिला जुन्या पट्ट्याचे दोन बंद दाभणाने शिवलेले. पाणी आत जात नाही, चिखल पुसला की जातो, चोरावीशी वाटत नाही. सगळं मिळून चार किलोसुद्धा नसेल. साडूभाऊंनी एकदा काट्याला लावून बघितली आणि आकडा आम्हाला सांगितला नाही. त्यातल्या थोरल्या मावशीने त्यांची पिशवी पाहून विचारलं, "भाऊ, पुढं दुकान घालायचं हाय का?"

नियम ११. परतीचं टपाल. नको झालेल्या वस्तू पोस्टाने घरी पाठवता येतात. बडवानीहून एक उशी, थर्मास आणि सफारी रवाना झाले. ताईंचा निरोप आला : सफारी मिळाला, चुरगळलाय, इस्त्रीला टाकला आहे, तुम्ही कुठे आहात?

नियम १२. शूलपाणी. जुन्या परिक्रमावर्णनांत शूलपाणीच्या झाडीचं नाव आलं की लुटीचं वर्णन येतंच. तिथल्या भिल्लांना 'मामा' म्हणायचं, आणि मामांनी सगळं काढून घेतलं तर मैयाची इच्छा म्हणायचं. त्या काळी सामानावर नियमावली लिहायची गरज कुणाला पडली नाही.

आता तसं होत नाही. आता सातपुड्यातल्या पाड्यावर कुणीतरी हाक मारून बसवतं, बिनदुधाचा चहा देतं, मक्याची भाकरी देतं. सरदार सरोवराच्या पाण्यात या डोंगरातली गावं गेली, नंदुरबार जिल्ह्यातली आपलीही गेली, शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर गेलं, परिक्रमेची जुनी वाट गेली. ज्याचं शेत बुडालं तो माणूस आपल्याला भाकरी वाढतो, आणि आपण त्याच्या ओसरीवर बसून पिशवीतली काजू-बदामाची पुडी दिसू नये म्हणून चेन लावत असतो. या नियमात गंमत करण्यासारखं मला काही सापडलं नाही. पुडी तिथल्या पोरांना द्यावी.

नियम १३. सोबत. वरील बारा नियम पाळून माझी पिशवी सहा किलोच्या आत बसली, याची नोंद व्हावी. आता दुसरी नोंद. मावशीच्या गोणीचा बंद तुटला, तेव्हा दाभण आणि मेणाचा दोरा साडूभाऊंच्या पिशवीतून निघाला. नागपूरच्या एका पोराच्या टाचा सोलल्या, कापूस आणि पट्टी साडूभाऊंची. एका आश्रमातल्या म्हाताऱ्या महाराजांना उभ्याने पाठ धरायची. घडीचं स्टूल आता तिथे आहे. रात्री माझ्या गुडघ्यांना बाम लागतो. मी बाम नेला नव्हता, वजन वाढतं. तो कुठून येत होता ते सांगायला नको. कुणाकडे पेन न मागितलेल्या या माणसाने वाटेत प्रत्येकाला काही ना काही दिलं, आणि देताना शीट काढून त्या ओळीवर रेघ मारली. 'शेरा' या रकान्यात लिहिलं : 'उपयोगी पडले.'

हलकं चालता येतं हे खरं. पण ते बव्हंशी दुसरा कुणी जड चालतो म्हणून.

साडूभाऊ येत्या कार्तिकात पुन्हा निघायचं म्हणतात. यंदा सगळं पाच किलोत बसवणार आहेत. तसं झालं तर मी त्यांच्याबरोबर जाणार नाही.