दादाची तयारी

सदाशिव पेठेत दर दोन-तीन वाड्यांमागे एक दादा असतो. मूळचा बीड, जालना, परभणीकडचा. शिक्षण बी.ए.; विषय राज्यशास्त्र, नाहीतर इतिहास. वय विचारलं तर आकडा सांगत नाही, "अजून चार वर्षं आहेत" म्हणतो. राज्य सरकारचा नोकर 58 व्या वर्षी निवृत्त होतो. एमपीएससीची तयारी करणारा खुल्या प्रवर्गातला असेल तर 38 व्या वर्षी, मागास प्रवर्गातला असेल तर 43 व्या. दादा आपलं वय त्या टोकाकडून मोजतो.

इंजिनिअर झालेल्या पोराला "पुढे काय?" असं कुणी विचारत नाही. (अलीकडे विचारायला हवं, पण ते असो.) बी.ए. झालेल्याला मात्र निकालाचा पेढा तोंडात असतानाच विचारतात. बी.एड. करतो म्हणावं, तर "संस्थावाले किती घेतात?" हा पुढचा प्रश्न तयार. सेट-नेट काढून तासिका तत्त्वावर प्राध्यापक होतो म्हणावं, तर पगार सांगावा लागतो आणि मग पाहुणे विषय बदलतात. गावात टिकणारं उत्तर एकच: "पुण्याला चाललोय, तयारीला." यावर चुलते गप्प, सरपंच गप्प. उद्या पोरगं तहसीलदार होऊन आलं तर आज कशाला बोला!

आमच्या इमारतीतला दादा असाच आला. आला तेव्हा त्याच्याकडे एक ट्रंक, लक्ष्मीकांत, कोळंबे, ग्रोव्हर-बेल्हेकर आणि एक वर्षाची मुदत होती. ट्रंक आणि पुस्तकं अजून आहेत.

सतत वस्तुनिष्ठ प्रश्न सोडवून त्याच्या बोलण्याला एक वळण लागलंय. आमच्या घरी चहाला आला असता बायकोने सहज म्हटलं, "दादा, वय वाढतंय, आता मुलगी बघ."

"काकू, विधान बरोबर हाये, कारण चूक हाये."

त्याचं ज्ञान अफाट आहे. फक्त ते कुठे वापरावं याची जागा सरकारने अजून काढलेली नाही. सोसायटीच्या सभेत जिन्यातला दिवा कुणी बदलायचा यावर पाऊण तास भांडण चाललं होतं. दादा उठला आणि विकेंद्रीकरणावर बोलू लागला. वसंतराव नाईक समितीच्या 226 शिफारशी, त्यातून 1 मे 1962 ला आलेल्या जिल्हा परिषदा, पुढे बोंगिरवार समिती. चेअरमन म्हणाले, "अहो, यात दिव्याचं काही आहे का?" दादाने क्षणभर विचार केला. "डायरेक्ट नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लागलेला होता. बल्ब त्यानेच आणला होता. त्याबद्दल तो काही बोलला नाही, कारण ते अभ्यासक्रमात नाही.

पूर्वपरीक्षा झाली की पहिली उत्तरतालिका येते आणि त्या आठवड्यात दादाच्या खोलीला कोर्टाची कळा येते. कुठला प्रश्न रद्द होणार, कुठल्या पुस्तकात काय छापलंय, हरकत कशी घ्यायची. दादा नापास कधीच होत नाही. त्याची पोस्ट "पॉइंटमध्ये जाते". आयोग प्रश्न खरोखरच रद्द करतो, त्यामुळे त्याला खोटं पाडता येत नाही, हीच तर पंचाईत आहे.

आयोगाने मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरवलं तेव्हा मला वाटलं, आता दादा सुटला. बी.ए.ला तीन वर्षं माणसाने दुसरं काय केलं? "सविस्तर उत्तरे लिहा" हेच ना! पण 2023 साली नवी पद्धत 2025 पर्यंत पुढे ढकला म्हणून पुण्यात पोरं रस्त्यावर बसली, त्यांत दादा होता. घोषणा देत नव्हता. पाणी, वडापाव, मुलींना रात्री होस्टेलवर सुखरूप पोचवणं, पोलिसांशी गोड बोलणं, हे सगळं बघत होता. कुठल्याही प्रांताधिकाऱ्याला हेवा वाटावा असं ते काम होतं. मागणी मान्य झाली, आणि दादा परत वस्तुनिष्ठ सराव करायला बसला.

दरम्यान इमारतीतल्या अभ्यासिकेच्या मालकांना तिच्यावर लक्ष ठेवायला माणूस हवा होता. दादाने किल्ल्या घेतल्या. मग नव्या पोरांना कॉट बघून देणं आलं. मेसवालीचा हिशोब जुळेना, तोही आला. रविवारी पंचायत राजवर लेक्चर आलं. शिकवतो मात्र झकास, मी दाराबाहेर उभा राहून ऐकलंय. त्याच्याकडे शिकलेली एक मुलगी आता नायब तहसीलदार आहे. नॉन-क्रीमीलेअरच्या दाखल्यासाठी दादा तिच्याच कार्यालयात रांगेत उभा होता. तिने आत बोलावून खुर्ची दिली, "सर" म्हणाली. दाखला घेऊन दादा येताना तिच्याकडून मुलाखतीचे प्रश्न लिहून घेऊन आला. पोरांना लागतील म्हणून.

"अरे, हा तुझा धंदाच झाला की!" मी एकदा म्हटलं.

त्याला ते लागलं. "काका, हे आपलं साइडनं. मेन फोकस तयारी."

या पेठेतली निम्मी उलाढाल अशाच "साइडवाल्या" बी.ए.वाल्यांनी उभी केली आहे, असं माझं मत आहे. पण त्यांच्यापैकी एकालाही आपण कमावते झालो हे मान्य नाही, आणि गावाला ते सांगायची तर मुळीच सोय नाही. मेस चालवणारा जावई कुणाला हवाय? तयारी करणारा चालतो.

गेल्या महिन्यात दादाने वरचा मजलाही भाड्याने घेतला. करारनाम्यात व्यवसायाच्या रकान्यात त्याने "विद्यार्थी" लिहिलं. वकिलाने माझ्याकडे पाहिलं. मी साक्षीदार म्हणून सही केली.

तुमच्या ओळखीत कुणी यंदा बी.ए. होऊन पुण्याला यायचं म्हणत असेल तर जरूर पाठवा. खिडकीजवळच्या दोन जागा शिल्लक आहेत. डिपॉझिट दोन महिन्यांचं, आणि "सध्या काय करता?" असं दादाला विचारायचं नाही.