जुनं मत न मोडता नवी माहिती कशी ऐकावी (नवशिक्यांसाठी)

सरावासाठी इंझोरी धरा. मानोरा तालुका, पावसाळा, गुडघ्याच्या वर गेलेलं सोयाबीन, बांधावर गवत. शिकायला साप लागतो. त्याची टंचाई नाही.

सुरुवात भगतापासून करा. त्याने विष उतरवलेल्यांची नावं तोंडपाठ ठेवा. जे गेले, त्यांची वेळच आली होती, एवढं पुरे. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. माणसं जातात ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्यामुळे, आणि हेही दर वेळी विष सोडतातच असं नाही. म्हणजे भगताने नुसता लिंबाचा पाला फिरवला तरी बरेच जण उठून चालत घरी जाणार. हा हिशोब कुणी मांडू लागलं की विषय तुरीच्या भावावर न्या.

दवाखान्याला उलट माप लावा. विषावरची लस भरूनही कुणी दगावला, तर तो एक दाखला वर्षानुवर्षं पुरवा. रात्री चावलं, सकाळी नेलं, मधले तास कुठे गेले, हे गाळा. मण्यार असेल तर काम फारच सोपं. तिचा दंश बहुधा दुखत नाही, सुजत नाही. माणूस ‘काई नाई झालं’ म्हणून झोपतो आणि पहाटे त्याच्या पापण्या उघडत नाहीत. दोष मात्र लसीचा.

आशाताई सांगेल, दोरी करकचून आवळू नका, चिरा देऊ नका, थेट दवाखान्यात न्या. तिला विचारा, ‘तू डाक्टर हायस का?’ भगताला हा प्रश्न विचारायचा नसतो.

शिकलेल्यांनी हसू नये. झिवा कुंडा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८७ मध्ये एक प्रयोग छापला. कॉफी बायकांच्या तब्येतीला वाईट, असा लेख त्यांनी वाचायला दिला होता. भरपूर कॉफी पिणाऱ्या बायकांनाच तो कमी पटला. पुरुषांत असा फरक दिसला नाही. त्यांचं काही जाणार नव्हतं. आपण कॉफीच्या जागी तंबाखूचा खर्रा घ्यावा. तोंडाच्या कॅन्सरचं कानावर आलं की पुरावा मागा: कोण म्हणतं, किती लोकांवर पाहिलं? हळदीच्या पाण्याने शुगर जाते, हा निरोप पुढे धाडताना मात्र असलं काही विचारू नका. मामेभावाने पाठवलाय.

शेवटचा धडा अवघड. चावलेला माणूस वेळेत वाशीमला पोचला, लस मिळाली, वाचला. घाबरू नका. निघताना भगताने अंगारा लावला होता ना?