खिडकीला कान असतात

'भिंतीलाही कान असतात' ही म्हण आता पाठ्यपुस्तकातून काढून टाकावी. भिंत बिचारी ठार बहिरी. नऊ इंची विटांच्या भिंतीसमोर कितीही गळा काढा, ती ढिम्म. कान असतात ते काचेला. आपण बोललो की तावदान थरथरतं. केसाच्या जाडीचा जेमतेम हजारावा भाग, पण थरथरतं. समोरच्या इमारतीतून त्यावर डोळ्यांना न दिसणारा लेझर सोडायचा. परतणारा झोत ती थरथर सोबत घेऊन येतो. तिचा पुन्हा आवाज केला की साहेबांचं गुपित हेडफोनवर हजर.

लेझर १९६० सालचा. पण हेरांना तेवढा धीर कुठला! हात न लावता वाजणारं वाद्य करणाऱ्या लेव थेरेमिन या रशियन गृहस्थानं त्याआधीच अवरक्त किरणांनी हे जमवलं होतं. यंत्राचं नाव 'बुरान'. मॉस्कोतल्या परदेशी वकिलातींच्या खिडक्यांवर ते रोखलं गेलं. थेरेमिन तेव्हा कैदी शास्त्रज्ञांच्या सरकारी प्रयोगशाळेत होता. त्याला १९४७ साली स्टालिन पारितोषिक मिळालं. आधी बेड्या, मग बक्षीस! आपल्याकडे आधी सत्कार होतो, चौकशी मागून लागते.

आमच्या हपिसात मीटिंगच्या खोलीला तीन बाजूंनी काच आहे आणि दारावर पाटी, 'गोपनीय'. परवाच्या मीटिंगमध्ये मी मनानं त्या लेझरवाल्याच्या खुर्चीत जाऊन बसलो. आधी नेमका कोन साधायचा, नाहीतर झोत भलत्याच मजल्यावर जाणार. मग एसीची घरघर आणि खालच्या खोदकामाचा धडाका गाळायचा. एवढं करून दीड तासानं वहीत काय? 'बघू.' 'करून टाकू.' 'वर विचारतो.' आणि एकदा, अगदी खणखणीत, 'वडा गार झालाय.' यातलं 'बघू' म्हणजे नाही आणि 'करून टाकू' म्हणजे कधीच नाही, हे त्या बापड्याला कोणतं यंत्र सांगणार?

तरी गाफील राहू नये. २०१४ साली अमेरिकेत एमआयटीच्या संशोधकांनी ध्वनिरोधक काचेपलीकडच्या वेफर्सच्या पाकिटाचं नुसतं चित्रीकरण केलं आणि त्याच्या थरथरीतून खोलीतलं बोलणं परत मिळवलं. लेझरही लागला नाही. तेव्हा पुढच्या मीटिंगला वेफर्स मागवू नका. वडे चालतील.