जसा आहे, जिथे आहे

लष्करातला माणूस निवृत्त झाला की त्याला पेन्शन मिळते. गाडी निवृत्त झाली की तिचा लिलाव होतो. ही बातमी आमच्या मामांपर्यंत २०१९ साली पोहोचली. महेंद्रसिंग धोनी रांचीच्या रस्त्यावर लष्कराची जुनी जीप, जोंगा, चालवताना पेपरात दिसला आणि मामांनी पेपर घडी घालून खिशात ठेवला. पुढे कित्येक महिने ते कात्रण पाहुण्यांना चहाआधी दाखवलं जायचं.

"द्राक्षबागेत जोंगा कशाला हवाय?" मामींनी विचारलं.

"बागेतनं फिरायला."

बाग दोन एकरांची. जोंगा वळवायलाच त्यातला अर्धा एकर काढून टाकावा लागला असता.

माझ्याकडे लॅपटॉप होता, एवढ्या पात्रतेवर मला बरोबर घेण्यात आलं. कारण हल्ली हे लिलाव हातोडा आपटून होत नाहीत, संगणकावर होतात. एमएसटीसी नावाची पोलाद मंत्रालयाखालची कंपनी १९६४ साली भंगाराच्या व्यवहारासाठी निघाली, तिचं मुख्यालय कोलकात्यात. सरकारी खात्यांना नको झालेलं बरंचसं सामान आता तिच्या संकेतस्थळावर विकलं जातं. पॅन कार्ड द्या, बयाणा भरा आणि तासगावात खाटेवर बसून बोली लावा. तरीही गाड्या जिथे उभ्या होत्या त्या जबलपूरला आम्ही निघालो, कारण अटींत स्पष्ट लिहिलेलं होतं: माल 'जसा आहे, जिथे आहे' तसाच मिळेल, आधी पाहून घ्यावा, मागाहून तक्रार चालणार नाही. मामांनी खरसुंडीच्या बाजारात दात बघितल्याशिवाय कधी बैल घेतलेला नाही. न बघता गाडी ते कशी घेणार?

पुण्याहून गाडी सुटली. मनमाडपर्यंत मामींच्या दशम्या संपल्या, भुसावळला केळी घेतली आणि इटारसीपर्यंत अख्ख्या डब्याला कळलं की आपण लष्कराच्या कामासाठी निघालो आहोत. समोरच्या बाईंनी तर अदबीने खिडकी सोडली. जबलपूरच्या अलीकडे नर्मदा लागली, तशी मामांनी पाच रुपयांचं नाणं नदीत टाकलं आणि म्हणाले, "हा पहिला बयाणा."

जबलपूर हे या गाड्यांचं जन्मगावच. इथल्या तोफगाडा कारखान्यात १९५९ साली जर्मन 'मान' कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक तयार होऊ लागला. पुढे व्हेईकल फॅक्टरी उभी राहिली. जोंगाही इथलाच. मूळ गाडी जपानच्या निसानची, नाव मात्र जबलपूरच्या कारखान्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून जुळवलेलं. पोटात सहा सिलिंडरचं, जवळजवळ चार लिटरचं पेट्रोल इंजिन. हे सगळं मामांच्या तोंडून ऐकून रिक्षावाल्याने त्यांच्याकडे आदराने पाहिलं आणि भाडं वाढवलं.

ज्या डेपोत गेलो त्याचं नाव सांगत नाही; फाटकावरच्या जवानाच्या हातात जे होतं ते पाहून मी ते विसरलोच. मोबाइल फाटकावर जमा. फोटो काढायचा नाही, गाडी सुरू करून बघायची नाही. तशी सुरू करण्याची सोयही नव्हती. बॅटऱ्या नव्हत्या, किल्ल्या नव्हत्या आणि काही गाड्यांना चाकंही नव्हती. स्टॅलियन ट्रक, टाटाचे अडीच टनी, जिप्सी आणि कोपऱ्यात एकच जोंगा, असा सगळा प्रकार गवतात उभा होता. लष्करी नंबरप्लेटवर आधी वर तोंड केलेला बाण असतो, मग सालाचे दोन आकडे.

"बाण वर का रे?" मामांनी विचारलं.

"लष्कराची खूण आहे."

"मला वाटलं, गाडी वर गेली असं सांगतायत."

आमच्यासारखे बघे आणखीही होते. बंगालमधल्या पानागढहून आलेले एक दादा. तिथे लष्करी गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. त्यांनी एकाही गाडीकडे गाडी म्हणून पाहिलं नाही. त्यांना दिसत होते फक्त अ‍ॅक्सल आणि गिअरबॉक्स. दुसरे मंडी डबवालीचे पाजी. हे पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचं गाव जुन्या जिपा नव्या करण्यासाठी प्रसिद्ध आहे. पाजींनी जोंगाचं बॉनेट उघडलंच नाही. ते वाकले, गाडीखालची जमीन पाहिली आणि उठून हात झटकले.

"जमिनीत काय बघितलंत?" मी विचारलं.

"तेल का दाग. दाग है, मतलब इंजन में तेल है. दाग नहीं, मतलब इंजनही नहीं."

जोंगाखाली डाग होता. मामांनी तो खिशातल्या पेपराने टिपून ठेवला. पुरावा म्हणून.

लिलाव दुसऱ्या दिवशी. आम्ही लॉजवर लॅपटॉप उघडून बसलो. शेजारच्या खोलीत पाजी उतरलेले; मधली भिंत प्लायवुडची. संध्याकाळी चारला बोली बंद होणार होती, पण शेवटच्या मिनिटांत कुणी आकडा टाकला की वेळ आपोआप पुढे सरकते. मामांनी आकडा टाकला की भिंतीपलीकडून "वाहेगुरू" ऐकू यायचं आणि लगेच पडद्यावर आमच्यापेक्षा मोठा आकडा उमटायचा. साडेचार वाजले, पाच वाजले. मध्येच पाजी दार वाजवून आमचा चार्जर मागून घेऊन गेले. मामांनी तो दिला. शेतकऱ्याचं मन!

मग मी वहीत हिशेब मांडला. बोलीवर जीएसटी, वर टीसीएस. मुदतीत माल उचलला नाही तर जागेचं भाडं. न चालणारा जोंगा उचलायला क्रेन, तासगावपर्यंत ट्रेलर. मग आरटीओ, आणि लॉट भंगार म्हणून विकला असेल तर आरटीओचाही प्रश्न मिटला, कारण गाडी रस्त्यावर येणारच नाही. मामांनी वही वाचली, चष्मा काढला आणि लॅपटॉप मिटला. पलीकडून लांबलचक "वाहेगुरू" आला.

रात्री पाजी चार्जर परत द्यायला आले, पेढे घेऊन. म्हणाले, सहा महिन्यांनी डबवालीला या. हाच जोंगा रंगवून, कागदपत्रांसकट, चालू करून देतो. किंमत सांगितली. मामींना न सांगण्यासारखी होती.

तरीही माझा निकाल पाजींच्या बाजूने आहे. सरकार ट्रक स्वस्तात विकतं, कारण ट्रक सोडून बाकीचं सगळं महाग असतं. ते बाकीचं ज्याला जमतं त्याने लिलावात उतरावं. ज्याला धोनी व्हायचंय त्याने तयार गाडी विकत घ्यावी. आणि तरीही कुणाला उतरायचंच असेल, तर बोली लावण्याआधी क्रेनवाल्याचा दर विचारा, आणि चार्जर कुणालाही देऊ नका.