पंपच तो!

आमच्याकडं माणूस गेला की डॉक्टर तसं सांगतात. मोटर गेली तरी मिस्त्री सांगत नाहीत. कुठल्याही यंत्राला 'मेलं' म्हणायचं नाही, हा त्यांचा नेम. मोटर रुसते, तिला थंडी भरते, ती दम खाते. अगदीच कोळसा झालेली मोटर समोर आली, तरी ते एवढंच म्हणतात, "ही आता ऐकायची नाही, मालक."

राहुरीहून मुळा धरणाकडं जाताना त्यांचं दुकान लागतं. पाटीवर 'मोटार रिवाइंडिंग' असं लिहिलंय. त्यातला 'रि' पावसानं केव्हाच नेला. नदीला पाणी सुटलं की काठावरच्या मोटरी बुडतात आणि मिस्त्रींचा सीझन सुरू होतो. दिवसा वाइंडिंग उन्हात, रात्री खोक्यात पेटत्या बल्बाशेजारी. बाळंतिणीला शेक देतात तसा सगळा थाट. बुडालेल्या यंत्रांचे धन्वंतरी म्हणून त्यांचं पंचक्रोशीत नाव आहे.

म्हणूनच आमच्या मावसभावाची वॉटर स्कूटर बुडाली तेव्हा ट्रॅक्टर आपसूक त्यांच्या दारात थांबला. उसाचं पेमेंट हातात आलं आणि दादांना हौस सुटली. कोकणातून सेकंडहँड स्कूटर आणली, धरणाच्या फुगवट्यात सोडली. पहिली फेरी झोकात झाली. दुसऱ्या फेरीत स्कूटर जड झाली, कलंडली आणि बंद पडली. काठावरच्या पोरांनी उड्या टाकून ती सरळ केली, ओढत आणली आणि ट्रॉलीत चढवली.

मिस्त्रींनी ट्रॉलीभोवती एक प्रदक्षिणा घातली. "बटण दाबलं का?"

"रस्ताभर दाबत आलो. नुसती टक् टक् करते."

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. "बुडालेल्या माणसाला काढल्या काढल्या पळायला लावता का? आवं, हवा दबती, पाणी दबत नाही. सिलिंडरात पाणी हाये आन् पिस्टन वर गेला, तर वाकणार कोण? पाणी? पाणी न्हाई वाकत. रॉड वाकतो."

हँडलजवळ मनगटाला बांधायची दोरी होती. तिची क्लिप लावल्याशिवाय ही स्कूटर सुरूच होत नाही. ती त्यांनी उपसून सरळ स्वतःच्या खिशात टाकली. आता दादांच्या बोटाची भीती नव्हती.

मग तपासणी. सीट काढली, प्लग काढले, त्यांच्या वायरी अर्थ केल्या आणि सगळ्यांना "बाजूला व्हा" म्हटलं. सगळे झाले, पांढऱ्या कपड्यातला एक सल्लागार सोडून. खिशातली दोरी लावून मिस्त्रींनी बटणाला बोट लावलं मात्र, प्लगच्या भोकांतून पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. सल्लागार घरी गेले ते परत आले नाहीत. "पोटातलं निघालं," मिस्त्री समाधानानं म्हणाले. प्रत्येक भोकात थोडं थोडं तेल सोडलं, गंज धरू नये म्हणून. दोरी पुन्हा खिशात.

इंजिनातलं ऑइल वाटीत काढलं, तर दुधाळ, तपकिरी. मिस्त्रींनी चिमटीत चोळलं, वास घेतला आणि वाटी दादांपुढं धरली. "चहा सांगितला होता ना? घ्या." ऑइलमध्ये पाणी मिसळलं की त्याचा असाच चहा होतो. तीन वेळा ऑइल बदललं तेव्हा कुठं त्याचा रंग ऑइलचा झाला. टाकीतलं पेट्रोल बाटलीत घेऊन उन्हात धरलं. पाणी खाली, पेट्रोल वर, मध्ये आखल्यासारखी रेघ. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी खरबरीत पूड साचली होती. मिस्त्रींनी ती नखानं उकरली. "खाऱ्या पाण्यात दिवस काढलेत हिनं."

"पण पाणी शिरलं कुठून?" मी विचारलं.

मिस्त्रींनी पुढचा खण उघडून प्लास्टिकची पिशवी काढली. आत दोन बुचं. "ही कशाची?"

"स्पेअर दिली असतील म्हटलं," दादा म्हणाले.

स्कूटरच्या मागच्या अंगाला, तळाशी, दोन भोकं होती. काठावर आणल्यावर आतलं पाणी काढायची ती सोय. पाण्यात सोडण्याआधी बुचं घट्ट बसवायची. दादांनी बुचं खणात जपून ठेवली आणि भोकं धरणाला मोकळी दिली. वर मागच्या बाजूला स्टिकर होता: उलटली तर कुठल्या अंगानं सरळ करायची त्याचा बाण. पोरांनी नेमकी उलट्या अंगानं फिरवली होती. एक्झॉस्टमधलं पाणी इंजिनात गेलं ते तेव्हाच.

"तुम्हाला इंग्रजी येतं?" दादांनी विचारलं.

"अक्षरं तुमच्यासाठी. बाण माझ्यासाठी."

खरी गंमत पुढंच झाली. मिस्त्री ट्रॉलीखाली आडवे झाले, पोटाकडच्या जाळीत अडकलेली सुतळी आणि शेवाळ ओढून काढलं आणि तिथूनच ओरडले, "सर! हा तर पंपच की हो! ही फूटवॉल्वची जाळी, हा इंपेलर!"

खरंच होतं. वॉटर स्कूटरला बाहेर पंखा नसतो. इंजिन आतला इंपेलर फिरवतं, खालून पाणी ओढलं जातं, मागच्या नळीतून जोरात फेकलं जातं आणि त्या धक्क्यानं स्कूटर पुढं पळते. मी ज्ञान पाजळलं: 'जेट स्की' म्हणतात ते नाव मूळचं कावासाकीच्या गाडीचं, 1970च्या दशकातलं.

"कावासाकी? आपली बजाजवाली?" मिस्त्री बाहेर आले. "किती एचपी?"

"शंभराच्या वर."

तीन, पाच, फार तर साडेसातच्या मोटरीत हयात गेलेला माणूस. क्षणभर गप्प झाला. "आन् डिलेव्हरी कुठं?"

"मागं."

"मागं म्हंजे, कुणाच्या रानात?"

"रानात नाही. धरणातच."

"धरणातलं पाणी उचलून धरणातच?"

ह्यावर मी काय बोलणार? मुळा धरण 26 टीएमसीचं. त्यातून जायकवाडीला किती सोडायचं यावरून कोर्टकचेऱ्या होतात, कालव्याच्या आवर्तनासाठी शेतकरी रस्त्यावर बसतात. आणि शंभर एचपीचा पंप पाणी उचलून जागच्या जागी टाकतो! एवढा वेळ स्कूटरला आजारी समजणारे मिस्त्री आता तिच्याकडं वाया गेलेल्या पोराकडं बघावं तसं बघू लागले.

तिसऱ्या दिवशी आम्ही काठावर जमलो. मिस्त्रींनी बुचं स्वतः आवळली. "पाण्याबाहेर चालू करू नका. कोरडा पंप चालवला की कामातनं जातो." स्कूटर पाण्यात गेली, खोकली, पांढरा धूर सोडला आणि धडधडली. दादा गेलेच!

"तुम्ही मारा ना एक चक्कर," मी म्हटलं.

"नको. मला पोहता येत न्हाई."

स्कूटर परत आली. पैशांचं विचारलं तर मिस्त्रींनी हात झटकला आणि खिशातून सुतळी काढून मागच्या नळीच्या तोंडाभोवती गुंडाळली. दोन गाठी मारल्या. मला वाटलं, काही बिघाड शोधतायत.

"मालक, उन्हाळ्यात ही नुसती उभीच ऱ्हाणार ना?"

परवा दुकानावरून गेलो, तर ती दोन गाठींची सुतळी खिळ्याला टांगलेली होती, आणि खाली, मोटरींच्या रांगेत, पाइपाचा एक नवाकोरा तुकडा.