जॉबकार्ड काका

आमच्या सोसायटीत कुणाची मोटरसायकल सर्व्हिसिंगला निघाली की ते त्याच्या बायकोच्या आधी काकांना कळतं. माणूस सकाळी आठला गाडीवरचं कव्हर काढतो, साइड बॉक्समधले कागद उपसतो आणि डोळे बारीक करून मीटरकडे बघतो. एवढी लक्षणं दिसली की दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून हाक येते, "किती झाले?"

ते वय विचारत नसतात, किलोमीटर विचारत असतात. आपण "एकवीस हजार चारशे" म्हणालो की वरून येतं, "थांब, चप्पल घालून आलो." त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. पण ऑपरेशनला निघालेल्या माणसाबरोबर घरातलं एक जाणतं माणूस असावं लागतं, तसे ते येतात. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत डायरी, टॉर्च, जुना टूथब्रश आणि नेलपॉलिशची बाटली. नेलपॉलिशचं पुढे सांगतो.

त्यांचं खरं नाव तळमजल्यावरच्या पत्रपेटीवर आहे, पण ते फक्त पोस्टमन वाचतो. बाकी सगळ्यांचे ते जॉबकार्ड काका. असा एक माणूस फक्त आमच्याकडे आहे असा माझा बरेच दिवस समज होता. मग साताऱ्याच्या मेहुण्याने त्याच्या गल्लीतल्या एकाचं वर्णन केलं आणि नाशिकच्या मित्राने तिसऱ्याचं. पिशवीसकट.

आमचे काका चिंचवडच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. जुनं बेअरिंग परत केल्याशिवाय नवं द्यायचं नाही, हा स्टोअरचा नियम. एकतीस वर्षं त्यांनी तो पाळला आणि निवृत्त होताना सोबत घरी आणला. आजही घरात दिव्याचा बल्ब गेला तर काकू आधी जुना बल्ब त्यांच्या हातात ठेवतात. त्याशिवाय कपाटाची किल्ली निघत नाही.

मी नवी स्प्लेंडर घेतली तेव्हा काकांनी मला पहिला धडा दिला तो 'फ्री सर्व्हिस'चा. मला वाटत होतं, फुकट म्हणजे फुकट. पहिल्या फ्री सर्व्हिसला साडेचारशेचं बिल आलं तेव्हा मी काउंटरवर तावातावाने बोलायला लागलो. काकांनीच मला दंडाला धरून बाजूला घेतलं. "अरे, फ्री असते ती मजुरी. ऑइल त्यांनी काय घरून आणायचं? लग्नाच्या हॉलवाल्याने हॉल फुकट दिला, तर जिलबी पण मागणार का तू?" मग त्यांनी कूपनवरची बारीक अक्षरं वाचायला लावली. इतके किलोमीटर किंवा इतके दिवस, जे आधी होईल ते. "लोक किलोमीटर बघतात आणि दिवस विसरतात. गाडी नुसती उभी होती म्हणून वॉरंटी थांबत नाही. माणसाचं वय थांबतं का?"

परवा गाडीचे एकवीस हजार झाले. फ्री कूपनं कधीच संपली होती. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर हातात टॅब घेतलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला मुलगा होता. त्याने विचारलं, "काही कंप्लेंट, सर?"

मी म्हणालो, "आवाज येतो."

काकांनी कपाळावर हात मारला. "आवाज येतो म्हणजे? आवाज तर तुझाही येतो. कधी येतो, कुठून येतो, कसा येतो?" मग त्यांनी स्वतः सांगितलं, आणि मुलाकडून जॉबकार्डवर शब्द न् शब्द लिहून घेतला. सकाळी गाडी गार असताना, दुसऱ्या गिअरला, तीसच्या पुढे, खालच्या अंगाने टकटक, गरम झाल्यावर कमी. हे सगळं त्यांना माहीत होतं, कारण मी रोज सकाळी त्यांच्या गॅलरीखालून जातो. दुखणं सांगावं, रोगाचं नाव सांगू नये, असा त्यांचा दंडक आहे. गिऱ्हाइकाने "क्लचप्लेट गेल्यात वाटतं" म्हटलं की क्लचप्लेट बदलल्या जातात आणि आवाज तसाच घरी येतो.

मुलाने एस्टिमेट काढलं. टॅक्स धरून २,१०० रुपये. काकांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला आणि बोट पहिल्या ओळीवर ठेवलं.

"लेबर ४००. यात काय येतं?"

"जनरल सर्व्हिस, सर."

"जनरल म्हणजे?"

"फुल चेकअप, सर."

"बाळ, चेकअप ससून हॉस्पिटलमध्ये करतात. इथे कामं होतात. कामं सांग."

मुलगा टॅबवर वरखाली करू लागला. काकांना तेवढा वेळ धीर धरवेना. एका दमात तेच म्हणाले, "मी सांगतो, तू मान हलव. इंजिन जरा गरम करून जुनं ऑइल काढायचं, नवं भरायचं. प्लग काढून साफ, फट बघायची. टॅपेट. पुढचा-मागचा ब्रेक उघडून साफ करायचा, बसवून ॲडजस्ट. चेन धुवायची, ताण बघायचा, तेल सोडायचं. क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल. बॅटरीची टोकं. नटबोल्ट आवळायचे. हवा पुढे पंचवीस, मागे अठ्ठावीस, मागे कोण बसतं त्यावर बाकीचं. एवढं चारशेत आलं. बरोबर?"

"हो सर."

"मग खाली 'ब्रेक क्लीनिंग १२०' कशाचे? आणि 'चेन क्लीन अँड ल्यूब १५०'?"

मुलगा गप्प. काकांचं बोट खाली सरकलं. "इंजिन फ्लश २८०." त्यांनी डायरी उघडून माझ्या गाडीचं पान दाखवलं. हो, माझ्या गाडीचं पान त्यांच्या डायरीत आहे. ऑइल कधी बदललं, किती किलोमीटरवर, कोणत्या ग्रेडचं. "दर वेळी वेळेवर बदललंय. रोज आंघोळ करणाऱ्याला उटणं कशाला?" टेफ्लॉन पॉलिश ३५०. काकांनी नुसतं काचेतून बाहेर उभ्या असलेल्या माझ्या गाडीकडे बघितलं. मडगार्डला तडा, टाकीवर किल्लीचे ओरखडे, सीटवर मांजराची नखं. पॉलिशवाली ओळ मुलाने आपण होऊन खोडली.

शेवटी राहिले 'कन्झ्युमेबल्स ६०'.

"हे काय असतं?"

"ग्रीस, कॉटन वेस्ट वगैरे, सर."

"न्हावी कंगव्याचे वेगळे पैसे लावतो का?"

हे सगळं चालू असताना काकांचा आवाज एकदाही चढला नाही. काउंटरवरच्यांना भीती याचीच. भांडणाऱ्या गिऱ्हाइकाला मॅनेजरकडे पाठवता येतं, शांतपणे बेरीज करणाऱ्याला कुठे पाठवणार? एव्हाना मागच्या रांगेतल्या लोकांनी आपापली एस्टिमेटं बाहेर काढली होती. एका माणसाने तर केसपेपर द्यावा तसा आपला कागद काकांपुढे धरला.

९६० रुपये गळाले. राहिले ११४०. मजुरी ४००, ऑइल ४१०, एअर फिल्टर २३०, वॉशिंग १००. मला वाटलं, आता फिल्टरवर कुऱ्हाड. पण काका म्हणाले, "तो राहू दे. तेलकट कागदाचा फिल्टर आहे, हवा मारून साफ करायचा नसतो. किलोमीटर झाले की बदलायचा." मी वाचलेल्या पैशांत मनातल्या मनात दोनदा बाहेर जेवून आलो होतो. तेवढ्यात काका गाडीजवळ जाऊन उकिडवे बसले आणि मला म्हणाले, "मागचा ब्रेक दाब."

मी दाबला.

"बघ इथे." चाकाच्या मधल्या तबकडीवर एक छोटा बाण होता. इतकी वर्षं गाडी चालवतोय, मला तो कधी दिसला नव्हता. ब्रेक दाबल्यावर तो सरकून खुणेला जाऊन टेकला. "लायनर संपले. बाण इथवर आला की संपले." आणि मुलाकडे वळून, "मागचे लायनर टाक नवे. १९० चे ना? लिही."

माझा चेहरा पडला. इतका वेळ काउंटरच्या पलीकडच्याला घाम फोडणारा माणूस उलटून माझ्याच खिशात हात घालत होता. आणि जी वस्तू त्या मुलाच्या एस्टिमेटमध्ये नव्हती, ती त्यांनीच वाढवली होती. खरी गंमत मला इथे वाटते. पॉलिशची ओळ होती, लायनरची नव्हती. काकांना खर्चाचा राग नाही. न लागणाऱ्या कामाचा राग आहे, आणि टाळलेल्या कामाचा त्याहून जास्त.

आता नेलपॉलिश. गाडी आत जाण्याआधी काकांनी फिल्टरच्या कडेला, कुणाला दिसणार नाही असा, गुलाबी ठिपका दिला. संध्याकाळी गाडी घेताना ठिपका गेलेला असला पाहिजे आणि ठिपक्याची जुनी वस्तू पिशवीत आली पाहिजे. काकू एकदा मला म्हणाल्या, "मी आयुष्यात नखाला रंग लावला नाही. पण घरात तीन बाटल्या आहेत. पाहुण्या बायका माझ्याकडे कशा बघतात, तुला काय सांगू."

संध्याकाळी ठिपकेवाला फिल्टर आला, लायनर आले. काकांनी गाडी सपाट जागी डबल स्टँडवर घेतली, ऑइलची पट्टी काढून पुसली आणि परत नुसती टेकवली. मी आटे फिरवायला हात पुढे केला, तर हातावर चापट बसली. "फिरवायची नाही. नुसती टेकवायची, मग बघायचं." ऑइल बरोबर दोन खुणांच्या मध्ये होतं. मग गाडी चालू करून कान लावला. मी म्हणालो, "टॅपेट थोडं वाजतंय." काका म्हणाले, "थोडं वाजलंच पाहिजे. अगदी गप्प झालं तर जास्त आवळलंय म्हणून समज, व्हॉल्व्ह जळतील." एकूण १,३३० रुपये झाले. त्यात माझी अर्ध्या दिवसाची रजा, दोघांचा तीनदा चहा, वडापाव, आणि गाडी आत असताना घरी जाण्यायेण्याची रिक्षा मिळवली, तर मी नेमकं किती वाचवलं हा हिशेब काकांनी केला नाही. मीही केला नाही.

जीएसटी ही त्यांची आणखी एक हौस. पूर्वी एकाच बिलात ऑइलला आणि मजुरीला अठरा टक्के आणि सुट्या पार्टला अठ्ठावीस, असा प्रकार होता. कोणती ओळ कोणत्या टक्क्याची, हे काका तोंडी सांगायचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्टही अठराला आले. त्या सकाळी सर्व्हिस सेंटरचं शटर उघडायच्या आधी काका दारात उभे होते. त्यांना काही घ्यायचं नव्हतं. फक्त एका प्लगचा नवा भाव विचारून, जुन्या बिलाशी ताडून, ते समाधानाने घरी आले.

वॉरंटी संपली की मात्र काका गाडी कोपऱ्यावरच्या गॅरेजला नेतात, आणि तिथे हाच माणूस ओळखू येत नाही. तिथे एस्टिमेट नाही, टॅब नाही, बिलही मागितलं तर सिगारेटच्या पाकिटामागे लिहून मिळतं. काका तिथे पैशांबद्दल चकार शब्द काढत नाहीत. ऑइल आणि पार्ट स्वतः नाना पेठेतून आणतात. बाटलीचं सील आपल्या हाताने फोडतात आणि रिकामी झाली की तिला चाकूने भोक पाडतात, कुणी पुन्हा भरून विकायला नको. डब्यात उरलेलं ऑइल घरी येतं. आमच्या सोसायटीचं एकही गेट, एकही खिडकी कुरकुरत नाही, ते त्यामुळे. मेकॅनिक कामाला बसला की काका स्टूल ओढून त्याच्या डोक्यावर बसतात. मेकॅनिकने यावर जालीम उपाय शोधलाय. तो म्हणतो, "काका, जरा टॉर्च धरा." मग तासभर काका टॉर्च धरून बसतात, हात भरून येतो, पण बोलता येत नाही. कारण बोललं की हात हलतो आणि मेकॅनिक ओरडतो. निघताना त्याने सांगितलेल्या मजुरीवर वीस रुपये जास्त ठेवतात. विचारलं तर म्हणतात, "त्याने काम माझ्यासमोर केलं."

काकांची स्वतःची गाडी बजाज चेतक. नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, चालू झाली नाही तर बाजूला कलती करायची, प्लग काढून काचपेपरने घासायचा. ते सगळं त्यांच्या हाताला होतं. गेल्या दिवाळीत मुलीने त्यांना बॅटरीवरची नवी स्कूटर घेऊन दिली. नाव तेच, चेतक. काकांनी हौसेने डायरीत नवं पान उघडलं आणि रकाने आखले. इंजिन ऑइल, प्लग, एअर फिल्टर. मग एकेक रकाना स्वतःच खोडला.

तिच्या पहिल्या सर्व्हिसला या वेळी मी त्यांच्याबरोबर गेलो. सवयीने त्यांनी नेलपॉलिश काढली, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि ठिपका कुठे द्यावा ते न कळून बाटली परत पिशवीत ठेवली. आत एका मुलीने गाडीला वायर जोडली, लॅपटॉपवर काहीतरी पळवलं, ब्रेक आणि टायर बघितले. अर्ध्या तासात बिल हातात. काकांनी चष्मा शेंड्यावर आणला, बोट ठेवलं. मजुरीपुढे शून्य. ब्रेक तपासणीपुढे शून्य. सॉफ्टवेअर अपडेटपुढे शून्य. बोट खालपर्यंत गेलं, परत वर आलं. भांडायला एकही ओळ नव्हती.

बराच वेळ ते तसेच उभे राहिले. मग त्यांनी घसा साफ केला.

"सॉफ्टवेअर नवं टाकलंत?"

"हो काका."

"जुनं द्या."

मुलीला आधी कळलंच नाही. मग ती म्हणाली, "काका, ते परत देता येत नाही. नवं त्याच्यावरच बसतं."

"मग तसं लिहून द्या."

तिने माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली. तिने बिलाच्या मागे लिहिलं, 'जुने सॉफ्टवेअर परत देता येत नाही', खाली सही केली. काकांनी तारीख घालायला लावली, शिक्का मारून घेतला, कागदाची चौघडी केली आणि पिशवीत ठेवली, जिथे एरवी जुने लायनर ठेवतात तिथे.