चौथी शिफ्ट

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत शिफ्ट तीन. पहिली, दुसरी आणि तिसरी. साहेब लोकांसाठी वर जनरल. आमच्या सिडकोतल्या घरात आणखी एक चालते. ती रात्रीची जेवणं उरकल्यावर सुरू होते. तिला ओव्हरटाइम नाही, कँटीन नाही, कंपनीची बस नाही, आणि तिथं कामाला लागण्यासाठी पैसे मी भरलेत. दिवसभर मी पीएलसीला, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरला, समजावत असतो, बाबा रे, हा सेन्सर लागला की तो सिलिंडर पुढे ने, सिलिंडर पुढे गेला की कन्व्हेयर सोड. रात्री घरच्या कॉम्प्युटरवर एका खोट्या कारखान्याला हेच समजावतो.

"अहो, याचे किती देतात?" बायकोनं एकदा विचारलं.

"देत नाहीत. आपण द्यायचे."

"मग कंपनीतपण तसंच करा की. निदान बढती तरी मिळेल."

यंत्र चालवायच्या या खेळांत बंदूक, गाडी, राक्षस असले तरी ती दुय्यम पात्रं. तुम्ही यंत्र मांडायचं किंवा प्रोग्रॅम लिहायचा, बटण दाबायचं आणि हात मागे घेऊन बघत बसायचं. या घराण्यातला नावाजलेला गडी म्हणजे 'फॅक्टोरियो'. प्रागच्या वूब सॉफ्टवेअरनं २०२० मध्ये त्याची पूर्ण आवृत्ती काढली. त्याला सेल कधीच लागत नाही, लागणारही नाही असं त्यांनी जाहीर केलंय. २०२३ मध्ये तर उलट भाव वाढवला. हे धोरण ठेवून गुलमंडीत दुकान चालवून दाखवा म्हणावं.

माझा जीव मात्र या घराण्यातल्या कमी नावाजलेल्या मंडळींत. त्यातले बरेचसे खेळ झॅक बार्थ नावाच्या अमेरिकन माणसाचे. २००९ मध्ये त्यानं 'इन्फिनीमायनर' केला. तो पाहून दुसऱ्याला 'माइनक्राफ्ट' सुचला, आणि २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं माइनक्राफ्टची कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली. बार्थ मात्र झॅकट्रॉनिक्स या नावानं भलत्याच खेळांकडे वळला: कुठं रसायनं जोडायची, कुठं असेंब्ली भाषेत प्रोग्रॅम लिहायचा. पैसा शेजारून गेला आणि हा पाना घेऊन खाली वाकलेला. मेंटेनन्सच्या माणसाला असा माणूस आवडणारच.

त्याच्या २०१५ च्या 'टीआयएस-१००' मध्ये वारलेल्या काकाचा एक बिघडलेला कॉम्प्युटर आपल्याला मिळतो. त्यात बारा खोकी. एकेका खोक्यात जास्तीत जास्त १५ ओळी लिहायच्या, शेजारच्या खोक्याला आकडे द्यायचे-घ्यायचे. सोबत १४ पानांची माहितीपुस्तिका. पुढच्या वर्षीच्या 'शेन्झेन आय/ओ' मध्ये आपण चीनमधल्या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत नोकरीला लागतो. तिथली पुस्तिका ३० पानांच्या वर, आणि ती छापून फाइलला लावा असं खेळच सुचवतो.

मी आज्ञाधारक. पेन ड्राइव्ह घेऊन औरंगपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानात गेलो. आजूबाजूला भरतीच्या नोट्स काढणारी पोरं. दुकानदारानं पहिलं पान छापलं, सर्किटचं चित्र निरखलं आणि विचारलं, "कोणती परीक्षा आहे, सर?"

"परीक्षा नाही, खेळ आहे."

"जागा किती?"

मी काही बोलायच्या आत मागून एक पोरगा म्हणाला, "काका, पीडीएफ ग्रुपवर टाका ना." स्पायरल बाइंडिंग करून बाहेर पडलो तेव्हा माझ्याकडे आदरानं बघणारे दोघं-तिघं तरी होते. कंपनीत हा मान मला अजून मिळायचाय.

'ओपस मॅग्नम' हा २०१७ चा खेळ किमयेचा: धातूचं सोनं करणारी यांत्रिक हातांची मांडणी. यंत्र कसंही चालवा, खेळ पास करतो. मग हळूच तीन आलेख दाखवतो: खर्च किती, चक्रं किती, जागा किती, आणि जगातल्या बाकीच्यांच्या मानाने तुम्ही कुठं. झोप इथं जाते. कंपनीत सायकल टाइम अर्धा सेकंद कमी करा म्हटलं की आमचा अख्खा विभाग पाणी प्यायला जातो. कायझेनचा, म्हणजे कामात सुधारणा सुचवायचा, फॉर्म भरायची वेळ आली की पेनं संपतात. इथं मात्र रात्री साडेबाराला मी एक हात उचलून एक घर डावीकडे ठेवतो, आणि एक चक्र वाचलं म्हणून एकटाच टाळी वाजवतो. २०२५ मध्ये झॅकट्रॉनिक्सच्याच मंडळींपैकी काहींनी 'कायझेन: अ फॅक्टरी स्टोरी' नावाचाच खेळ काढला, १९८० च्या दशकातल्या जपानी कारखान्यांतला. फुकटचा फॉर्म टाळणाऱ्या मी तो विकत घेतला.

असं का होतं, यावर मी कंपनीच्या बसमध्ये बराच विचार केलाय. खेळातल्या सेन्सरवर धूळ बसत नाही, कोळी जाळं करत नाही. तिसऱ्या शिफ्टचा कुणी सेन्सर वायरनं बायपास करून घरी गेलेला नसतो. सुटा भाग मागितला तर तीन कोटेशन लागत नाहीत. आणि मुख्य म्हणजे यंत्र चालू झाल्यावर मागं उभं राहून "याला लाल ऐवजी हिरवा दिवा करता येईल का?" असं विचारणारं कुणी नसतं. माझ्या नोकरीतून माणसं वजा केली की बाकी उरतो तो हा खेळ.

ही वजाबाकी टुमॉरो कॉर्पोरेशनलाही कळलेली दिसते. त्यांच्या २०१५ च्या 'ह्यूमन रिसोर्स मशीन' मध्ये आपण कारकून. डावीकडून डबे येतात, ते उचलायचे, हिशेब करून उजवीकडे ठेवायचे; एकेक पातळी म्हणजे नोकरीचं एकेक वर्ष. २०१८ मध्ये त्यांनी '७ बिलियन ह्यूमन्स' काढून माणसं परत आणली, पण सगळ्यांना एकच प्रोग्रॅम. एकाला 'डावीकडे वळ' म्हटलं की सगळे वळतात आणि एकमेकांवर आदळतात. जालना रोडवर नेमकं उलटं. तिथं प्रत्येकाचा प्रोग्रॅम वेगळा, आणि आदळणं तेवढं समान.

गंगापूर तालुक्यातले मामा दवाखान्याच्या कामाला आले होते, तेव्हा मी 'द फार्मर वॉज रिप्लेस्ड' लावून बसलो होतो. २०२३ चा खेळ. पायथॉनसारख्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचा, मग एक ड्रोन चौकोनी वावरात पेरतो, पाणी देतो, काढणी करतो. भोपळे शेजारी शेजारी पिकले की मिळून एकच महाभोपळा होतो. मामा खुर्ची ओढून बसले.

"पाऊस?"

"लागत नाही, मामा."

"लाइट रातच्याला येते का दिवसा?"

"चोवीस तास."

"अन् भोपळा नेतो कुठं? भाव काय?"

मी सांगितलं की बाजार समितीच नाही. पीक काढलं की आपोआप जमा होतं, आणि ते देऊन पुढच्या सोयी मिळवायच्या. मामांनी दोन मिनिटं ड्रोनकडे बघितलं. "शेतकऱ्याला काढून टाकलं हे ठीक," ते म्हणाले, "पण व्यापाऱ्याला कसं काय काढलं ते सांग. ते जमलं असंल तर आपल्याकडं आण."

काम आपोआप व्हावं आणि आपण बघत बसावं, ही हौस कॉम्प्युटरबरोबर आलेली नाही. आमच्या गावात ती पाणचक्कीच्या काळापासून आहे. लांबच्या डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणलं, भिंतीत चढवून उंचावरून पात्यांवर सोडलं आणि त्यावर जातं फिरवलं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या फकिरांचं आणि मुसाफिरांचं पीठ त्यावर निघायचं. वरच्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत. ओपस मॅग्नमच्या जागेच्या आलेखात हे बांधणारा कारागीर पहिल्या पानावर आला असता. हिमरूच्या मागावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ दिसते, तीही प्रोग्रॅमच: भोक असेल तर दोरा उचल, नसेल तर राहू दे. ही जकार्डची युक्ती १८०४ ची, फ्रान्समधली. तीच पुढे चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. म्हणजे विणकराच्या डोक्यावर टांगलेली माळ ही माझ्या पीएलसीची सख्खी पणजी.

एवढा वारसा पाठीशी म्हटल्यावर मी घरातही हात घालायचं ठरवलं. आमच्या नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि कधी येईल याला मुहूर्त नाही. मी कागदावर आराखडा काढला: नळात सेन्सर, सेन्सरवरून रिले, रिलेवरून मोटर, टाकीत फ्लोट. बायकोनं तो चष्मा लावून वाचला.

"पाणी आलं हे याला कसं कळणार?"

"दर पाच मिनिटांनी तो तपासणार."

"इतकं तपासायचं कशाला? समोरच्या काकू ओरडतात की."

प्रोग्रॅमिंग शिकलेल्यांना यातली मेख कळेल. दर पाच मिनिटांनी डोकावणं ही कमअस्सल पद्धत; घटना घडली की तिनंच हाक मारावी आणि तोवर आपण आपलं काम करावं, ही उत्तम. आमच्या गल्लीत ही उत्तम पद्धत कित्येक वर्षं रात्री-अपरात्री बिनचूक चालू आहे. तिला वीज लागत नाही, आणि काकू माहेरी गेल्या तर कोपऱ्यावरचे अण्णा बदली कामावर असतात. खेळातून माणसं वजा केली तर मजा उरते. गल्लीतून केली तर रिकामी टाकी. आराखडा मी शेन्झेनच्या फाइलला लावून ठेवलाय.

ज्यांना हात घालून बघायचंय त्यांनी 'ह्यूमन रिसोर्स मशीन' पासून सुरुवात करावी. तो फोनवरही चालतो. लहान मुलांना 'लाइटबॉट' द्यावा. रात्रीची झोप नको असेल त्यांनी 'ओपस मॅग्नम' घ्यावा, आणि 'टीआयएस-१००' ला घरच्यांची लेखी परवानगी असल्याशिवाय शिवू नये. यानं नोकरी लागते का, हे आपल्याकडे पहिलं विचारतात, म्हणून सांगतो: लागेल अशी खात्री मी देत नाही. पण लागलेली असेल, तर तीच नोकरी दुसऱ्यांदा, आणि या वेळी आवडीनं, करायची सोय याहून स्वस्तात मला दिसलेली नाही.